टिंबताई आणि खाणीच्या एकोणसाठ कॅसेट

भाषाविज्ञान विभागात मी संशोधनाला लागले त्याच आठवड्यात ग्रंथपालांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्या कॅसेट टाइपिंगला टिंबताईंकडेच द्या. मात्र घाई असेल तर देऊ नका."

घाई मला होतीच. माझ्याकडे एकोणसाठ कॅसेट होत्या. शहरापासून बसनं तीन तासांवर एक जुनी दगडखाण होती. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी तिची एक भिंत ढासळली आणि नऊ माणसं गेली. खाण पुढं बंद पडली, पण खाणीच्या वस्तीतली म्हातारी माणसं अजून तिथंच राहत होती आणि त्या दिवसाची गोष्ट प्रत्येकाकडे होती. एकच घटना पन्नास माणसं पन्नास तऱ्हांनी कशी सांगतात, सांगताना वाक्य कसं बदलतं, क्रियापद कुठं सरकतं, हा माझा विषय. अर्धा भाषेचा, अर्धा साहित्याचा. त्यामुळे दोन्हीकडचे प्राध्यापक मला दुसरीकडची समजत.

टिंबताईंना हे नाव कुणी दिलं ते कुणालाच सांगता येत नसे. का दिलं, ते मात्र त्यांनी टाइप केलेलं एक पान पाहिलं की कळायचं. बोलणारा माणूस थांबला की त्या टिंब द्यायच्या. मनात एक आकडा मोजून होईल एवढा थांबला तर एक टिंब, दोन आकड्यांना दोन. एखादा म्हातारा बायकोबद्दल बोलता बोलता गप्प झाला तर ओळच्या ओळ टिंबांची. साखर सांडलेल्या ओट्यावर मुंग्या लागाव्यात तसं ते पान दिसे.

त्यांची खोली जिन्याखाली होती. छत तिरकं, त्यामुळे उंच माणसानं वाकूनच आत यायचं. विभागप्रमुखसुद्धा आपल्यापुढं वाकून येतात, असं ताई म्हणायच्या, आणि स्वतःच खुदकन हसायच्या. टेबलावर टाइपरायटर, शेजारी कॅसेट यंत्र, खाली ते यंत्र थांबवायची पायाची कळ. पान उलटायला ओल्या स्पंजची डबी. हेडफोनच्या कानांना त्यांनी जुन्या स्वेटरच्या लोकरीची टोपडी शिवली होती, एक निळं आणि एक चॉकलेटी, कारण निळी लोकर पुरली नाही.

माझे मार्गदर्शक सर टिंबांवर भयंकर चिडत. "हे काय नक्षीकाम मांडलंय? माणूस काय बोलला ते आपल्याला हवं. थांबला कुठं, ते काय करायचंय?"

ताई शांतपणे म्हणायच्या, "सर, थांबला ते बोलण्यातच येतं."

"ते काढा."

"काढते."

आणि त्या खरंच काढायच्या. पण आधी टिंबांसकट एक प्रत करायच्या, मग स्वच्छ प्रत करायच्या. स्वच्छ प्रत सरांना जायची आणि टिंबांची प्रत त्यांच्या लोखंडी कपाटात. वीस वर्षांचे प्रबंध तिथं पडून होते. दोनदा टाइप करायचे म्हणूनच त्यांना वेळ लागायचा. हे गुपित मला कळलं तेव्हा मी हतबुद्ध झाले. "ताई, एवढा खटाटोप कशासाठी?"

"अगं, मी ऐकलंय ना ते," त्या म्हणाल्या. "ऐकलेलं टाकून कसं द्यायचं?"

हळूहळू त्यांचं पूर्वीचं मला कळत गेलं. ताईंनी लग्न केलं नव्हतं. थोरला भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर त्या राहत. दादा शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. लहानपणापासून ते बोलताना अडखळत. आईची घरात सक्त ताकीद असायची, त्याचं वाक्य त्याच्यासाठी कुणी पुरं करायचं नाही. धाकट्या बहिणीला शब्द आधीच कळलेला असायचा, जिभेवर आलेला असायचा, पण ओठ घट्ट मिटून बसायचं. मग ती मनात आकडे मोजायची. एक, दोन, तीन. पुढं वहिनी घरात आल्या आणि त्यांनी या घराची जन्माची शांतता महिन्याभरात भरून काढली. "वहिनीच्या बोलण्यात टिंब टाकायला सुईच्या टोकाएवढीही जागा नाही," ताई सांगायच्या. दादावहिनींचं मात्र छान जमायचं. वहिनी सगळ्या जगाशी भराभरा बोलायच्या आणि दादांनी तोंड उघडलं की हातातलं काम ठेवून गप्प बसायच्या.

विभागात येण्याआधी ताई सहा वर्षं न्यायालयात साक्षी टाइप करत होत्या. तिथल्या न्यायाधीशांचं एक वाक्य त्यांच्या डोक्यात कायमचं बसलं होतं. साक्षीदारानं "तो म्हणे पळून गेला" असं म्हटलं की साहेब मान वर न करता सांगत, "ऐकीव आहे, काढा." मग ताईंनी ते वाक्य खोडायचं. पाहिलेलं ठेवायचं, ऐकलेलं खोडायचं. सहा वर्षांत त्यांनी किती "म्हणे" खोडले याची गणती नव्हती.

माझ्या कॅसेट त्यांच्याकडे जाऊन चार महिने झाले असतील. एका दुपारी त्यांनी मला निरोप पाठवला. मी वाकून आत गेले. ताईंनी समोर दोन पानं पसरली होती आणि चष्मा कपाळावर चढवला होता. तो कपाळावर गेला की प्रकरण गंभीर समजायचं.

"अगं, तुझे ते सुरुंगवाले आजोबा. ते त्या दिवशी तिथं होते का?"

मला हसूच आलं. सुरुंगवाले आजोबा माझ्या सगळ्या कामाचा कणा होते. खाणीत सुरुंग लावायचं काम त्यांचं. अपघाताच्या वेळी वर कड्यावर उभं राहून भिंत कोसळताना पाहिलेल्यांपैकी आता जिवंत उरलेला एकटा माणूस तेच. वस्तीत गेल्यावर पहिल्यांदा सगळ्यांनी त्यांच्याकडेच बोट दाखवलं होतं.

"होते म्हणजे काय! त्यांनीच तर पाहिलं."

"बस. ऐक." त्यांनी माझ्या कानांवर ती निळी-चॉकलेटी टोपडी चढवली आणि पायानं कळ दाबली.

आजोबांचा खरखरीत आवाज आला. मी वर उभा होतो. आधी बारीक खडे घरंगळले म्हणे. मग डावी बाजू सुटली. दाजींनी मागं वळूनही पाहिलं नाही म्हणे. हाक मारायलासुद्धा वेळ मिळाला नाही त्यांना.

दाजी म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते त्या नऊ जणांत होते.

मी हेडफोन काढला. "बोलण्याच्या ओघात येतं एखादं 'म्हणे'."

"एखादं येतं. चौदा येतात का? मी मोजले. खाणीतलं जेवण, मुकादमाच्या शिव्या, सुरुंगाची वात कशी वळायची, हे सगळं दीड तास सांगितलंय त्यांनी. त्यात एकही 'म्हणे' नाही. फक्त भिंत पडते त्या वीस मिनिटांत चौदा. आणि प्रत्येकाच्या आधी टिंबं." त्यांनी पानावर पेन्सिल टेकवली. "मी सहा वर्षं 'म्हणे' खोडलेत. ते वाक्यात कुठून शिरतं हे माझ्या बोटांना कळतं. हा माणूस पाहिलेलं सांगत नाहीये. ऐकलेलं सांगतोय."

मग त्यांनी दुसरं पान पुढं केलं. ते आक्कांच्या कॅसेटचं होतं. आक्का म्हणजे आजोबांची तीच थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. त्या दिवशी आपण घरामागं कपडे वाळत घालत होतो असं त्या स्वतःच सांगत होत्या. पण नवऱ्याच्या मरणाची वाक्यं सरळ, ताठ. डावी बाजू सुटली. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. हाक मारायला वेळ मिळाला नाही. एकही "म्हणे" नाही. जणू शेजारी उभ्या होत्या.

"जिनं पाहिलं नाही ती पाहिल्यासारखं सांगते," ताई म्हणाल्या, "आणि ज्यानं पाहिलं म्हणतात तो ऐकल्यासारखं."

माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर तो आनंदाचा होता. असं काही हाती लागावं म्हणून माणसं आयुष्यभर कॅसेट गोळा करतात. मी बहुधा हसत असणार, कारण ताईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"हसतेस काय? दोघं सख्खी भावंडं आहेत ती."

पुढच्या आठवड्यात ताईंनी रजा टाकली. वीस वर्षं दुसऱ्यांनी आणलेले आवाज ऐकले, पण एकदाही त्या कुणाच्या गावाला गेल्या नव्हत्या. बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या, पर्स मांडीवर धरून, परीक्षेला निघाल्यासारख्या.

वस्तीत उतरलो आणि गंमत सुरू झाली. नळावर एक बाई कुणाशी तरी बोलत होती. ताईंनी माझा दंड दाबला. "अठरा नंबर! ती 'आता काय सांगू तुला' बाई!" खरोखर तीच होती. पुढच्या वळणावर एक आजोबा खोकले. ताई थबकल्या. "हा खोकला मी चाळीस पानं टाइप केलाय. यांनी औषध घेतलं नाही अजून?" आणि त्या सरळ जाऊन त्यांना विचारत्या झाल्या. ते बिचारे गोंधळून गेले. या बाई आपल्या छातीची एवढी चौकशी का करताहेत ते त्यांना कळेना. ताईंना तिथं प्रत्येक माणूस ओळखीचा होता आणि त्यांना मात्र कुणीच ओळखत नव्हतं. एकीकडे त्यांना हसू येत होतं, आणि दुसरीकडे डोळे पुसावे लागत होते.

सुरुंगवाले आजोबा अंगणातल्या बाकावर बसले होते. सत्तरीचे, रुंद खांद्यांचे, उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच. मी यंत्र चालू केलं आणि ठरवून आलेला प्रश्न विचारला. तो इतका गोलमोल होता की माझा मलाच समजला नाही. आजोबा पुन्हा पहिल्यापासून तीच गोष्ट सांगू लागले. मी वर उभा होतो. आधी बारीक खडे घरंगळले म्हणे.

ते थांबले. ताई समोर बसून त्यांच्याकडे पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत, मान हलवली नाही, "बरं, मग?" म्हटलं नाही. मला राहवेना. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटी आजोबांनी ताईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हाला ठाऊक आहे वाटतं."

"नाही," ताई म्हणाल्या. "ऐकू आलं फक्त."

"ते यंत्र बंद करा."

ताईंनी वाकून स्वतः बटण दाबलं.

मग त्यांनी सांगितलं. त्या आठवड्यात त्यांची दाढ दुखत होती. तीन रात्री झोप नव्हती, गाल फुगून डोळ्यापर्यंत आला होता. पहाटेच दाजी म्हणाले, जा, आधी ती दाढ काढून ये, आजचा सुरुंग मी लावतो. आजोबा शहरात गेले. दंतवैद्याच्या खुर्चीत ते आ वासून बसले होते, त्याच वेळी भिंत आली. ते दुपारी परतले तेव्हा सगळं संपलं होतं. तोंडात कापसाचा बोळा. आणि दारात आक्का उभी. तिनं एकच विचारलं, "तू होतास ना तिथं? त्यांना फार वेळ लागला का?"

"मी काय सांगू? दाढ काढायला गेलो होतो म्हणून सांगू?" आजोबा म्हणाले. "म्हटलं, होतो. वर उभा होतो. म्हटलं, लगेच गेले. हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. इतरांकडून ऐकलं होतं तेच जोडून सांगितलं. पुढं चव्वेचाळीस वर्षं तेच सांगतोय. आता ते माझ्या डोळ्यांनाही दिसतं. पण बोलायला लागलो की जीभ मध्येच अडते."

ताईंनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. "वेळ लागला नव्हता ना त्यांना?"

"देवाला माहीत. बाकीचे तसं म्हणाले." मग घाईघाईनं, "आक्काला नका सांगू."

"नाही सांगणार," ताई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये मी तासभर वाद घातला. नाव घालणार नाही, वस्तीही सांगणार नाही, फक्त वाक्यं देईन. हे माझ्या प्रबंधातलं सगळ्यात भक्कम उदाहरण आहे, ते सोडलं तर उरतं काय?

"नऊ माणसं गेली, त्यात सुरुंगवाल्याचे दाजी एकच," ताई म्हणाल्या. "नाव न लिहिता नाव लिहिण्यासारखंच आहे ते. उद्या तुझं पुस्तक वस्तीत गेलं, एखाद्या शिकलेल्या नातवानं आक्कांना वाचून दाखवलं, तर? त्या बाईच्या वाक्यात 'म्हणे' घालायचा हक्क तुलाही नाही आणि मलाही नाही."

"न्यायालयात तुम्ही काय केलं असतंत?"

"न्यायालयात खोडलं असतं. तिथं मला तेवढ्याचाच पगार होता. इथं मला कुणी खोडायला बसवलेलं नाही."

मी रुसले. दोन दिवस जिन्याखाली फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा ताईंनी बाकीच्या कॅसेटमधून एक्केचाळीस उदाहरणं वेगळी काढून ठेवली होती. कोण काय पाहिलेलं सांगतं, कोण ऐकलेलं, "म्हणे" कुठं येतं, आधी किती टिंबं पडतात. "कणा गेला तर फासळ्या घे," एवढंच म्हणाल्या.

प्रबंध त्याच फासळ्यांवर उभा राहिला. सर नाराज होते. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं बोट ठेवलं, "प्रत्यक्ष पाहणारा एकच माणूस, आणि त्याचीच मुलाखत वगळलीत. का?" मी म्हटलं, "त्यांची परवानगी नाही." परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. पदवी मिळाली. मी त्याच विभागात शिकवू लागले आणि खाणीच्या कॅसेट खोक्यात गेल्या.

वस्तीतल्या त्या भेटीला तीन वर्षं झाली तेव्हा एक पत्र आलं. दुसऱ्याच्या हातचं, आक्कांनी सांगून लिहवून घेतलेलं. भाऊ गेल्या महिन्यात गेला. तुम्ही आणि ती तुमच्याबरोबरची न बोलणारी बाई, दोघी या. यंत्र आणा.

आम्ही गेलो. आक्का एक्क्याऐंशीच्या झाल्या होत्या. वाळलेल्या, पण आवाज तोच ताठ. त्यांनी चहा करवला, आम्हाला बिस्किटं घ्यायला लावली आणि म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही त्याच्याकडे येऊन गेलात आणि आठवडाभर तो जेवला नाही धड. मला कळलं, तुम्हाला त्यानं दाढेचं सांगितलं."

ताईंनी त्यांचा कप शांतपणे खाली ठेवला.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"काय बाई प्रश्न! माझ्या भावाचा गाल भोपळ्याएवढा झालेला. तीन दिवस मीच मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करवत होते त्याला. त्या दुपारी दारात आला तर तोंडात कापूस आणि सदऱ्यावर रक्ताचा थेंब. खाणीवर कोण दाढ काढतं?" आक्का हसल्या, मग हसू ओसरलं. "मी विचारलं होतं वेड्यासारखं, दुःखाच्या भरात. तो म्हणाला, होतो. आणि मला दिसलं की हे एवढंच याच्याजवळ द्यायला आहे. मग घेतलं मी. घेतलं ते नीट वापरलं. कुणी विचारलं की मी तसंच सांगायची, पक्कं. मी जरा जरी डगमगले असते ना, तर त्याला वाटलं असतं, हिला शंका आहे. मग तो जगला नसता."

ताईंनी त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हणजे तुम्ही त्यांच्यासाठी 'म्हणे' गाळत होतात."

"ते तुमचं तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा," आक्का म्हणाल्या. "आता तो नाही. माझंही फार नाही उरलेलं. आमच्या मालकांना जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांचं सगळे सांगतात. माझ्या भावानं काय केलं ते कुणीच सांगत नाही. ते लिहा. वस्तीचं नाव घाला, आमची नावं घाला, काही लपवू नका."

येताना बसमध्ये मी वही उघडली आणि मिटली. माझा सगळा सिद्धांत ढासळला होता. प्रबंधातलं माझं म्हणणं असं की माणसाचा विश्वास बसला की "म्हणे" गळतं. पण आक्कांचा विश्वास कधीच नव्हता. मी ताईंना तसं म्हटलं.

"विश्वासाचं नाहीये ते," ताई म्हणाल्या. "वाक्य कुणासाठी सांभाळायचं आहे, ते बघ."

यावरून आम्ही लेख लिहिला. आठ महिने लागले. लिहायची मी, पण ताई प्रत्येक वाक्याला आडव्या यायच्या. "हे तू पाहिलंस का? मग एवढं ठाम कशाला लिहितेस?" लेख तयार झाला तेव्हा मी वर दोन नावं टाकली, माझं आणि त्यांचं.

त्यावर विभागाच्या बैठकीत वादळ उठलं. विभागप्रमुखबाई म्हणाल्या, आभार माना, हवं तर तळटीप द्या, पण टायपिस्टचं नाव संशोधक म्हणून कसं छापायचं? उद्या शिपाईही मागेल. मी काहीतरी तावातावानं बोलले, ते कुणाला पटलं नाही. तेव्हा कोपऱ्यातून सर उठले. निवृत्तीला त्यांचे दोन महिने उरले होते.

"मी हा लेख दोनदा वाचला," ते म्हणाले. "वीसहून जास्त वर्षं मी यांना टिंबं काढायला लावली आणि त्या प्रतींवर विद्यार्थ्यांना पदव्या दिल्या. माणसं कुठं थांबली हे ज्यांना माहीत होतं त्या जिन्याखाली बसल्या होत्या आणि मी वर शिकवत होतो. नाव छापा. पहिलं छापलंत तरी माझी हरकत नाही."

बैठक संपल्यावर सर जिन्याखाली वाकून गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले ते हातात लोखंडी कपाटाची किल्ली घेऊन. त्या टिंबांच्या सगळ्या प्रतींना वाचनालयात स्वतंत्र फडताळ मिळालं. आता विद्यार्थी तिथं पाळी लावून बसतात.

लेख छापून आला त्या रविवारी ताईंनी मला घरी बोलावलं. वहिनींनी आधीच साऱ्या गल्लीला बातमी दिली होती, आणि त्यात थोडी भर घालून. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याची समजूत झाली होती की ताईंना परदेशात नोकरी लागली. दादांनी अंक हातात घेतला, चष्मा लावला आणि बहिणीचं नाव मोठ्यानं वाचलं. त्यांना बराच वेळ लागला. कुणीही मदत केली नाही. वाचून झाल्यावर त्यांनी अंक शिवणयंत्राच्या खोक्यावर तेलाचा डाग लागणार नाही असा ठेवला आणि हात धुवायला आत गेले. वहिनी पूर्ण अर्धा मिनिट काही बोलल्या नाहीत. ताईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, बघ, असंही होतं.

आक्कांना मी लेख वाचून दाखवायला गेले होते. त्यांनी सगळा ऐकला. मधल्या तर्कटाला त्या पेंगल्या, पण भावाचा उल्लेख आला की जाग्या व्हायच्या. शेवटी म्हणाल्या, "दाढ डावीकडची होती. तू उजवी लिहिलीस." पुढच्या अंकात आम्ही दुरुस्ती छापली. दुसऱ्या वर्षी आक्का गेल्या.

ताई आता निवृत्त आहेत. घरी बसणं त्यांना जमणार नव्हतंच. मागच्या वर्षी त्यांनी ठरवलं की दुसऱ्यांच्या कॅसेट ऐकणं पुरे, आता स्वतः जाऊन आवाज आणायचे. विभागानं त्यांना तळहाताएवढं नवं यंत्र दिलं. त्या एकट्याच खाडीवर गेल्या आणि एका म्हाताऱ्या नावाड्याची मुलाखत घेऊन आल्या. नाक उन्हानं सोललेलं, चपला चिखलानं भरलेल्या, आणि चेहरा असा की शाळा सुटली असावी. "तीन तासांचं काम आहे," त्या अभिमानानं म्हणाल्या. "आता तू लिहून काढ."

मी लिहायला बसले. पहिला पाऊण तास ताईच बोलत होत्या. नावाड्याला त्यांनी न्यायालयातल्या गमती सांगितल्या, वहिनींची नक्कल करून दाखवली, खाडीच्या वासानं लहानपणीचं काय आठवतं ते सांगितलं, आणि होडीला रंग कोणता द्यावा याबद्दल सल्ला दिला. आयुष्यभराचं साठलेलं होतं बहुतेक. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला नावाडी अतिशय अदबीनं म्हणाला, "बाई, आता मी बोलू का?"

"बोला की," ताई म्हणाल्या, "मी कुठं अडवलंय?"